जुना घाट, नवी वस्तु

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या दुधनीच्या घरीं पुण्याहून एक खोकें आलें. घराच्या वांटणीसाठीं सारीं भावंडें जमणार, तेव्हां आत्याबाईंना कांहींतरी भेट द्यावी, या हेतूनें आमच्या धाकट्या पुतणीनें भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच एक वस्तु पसंत करून ती परस्पर दुधनीच्या पत्त्यावर धाडविली होती. खोकें उघडलें, तों आंत कंदील! वरची कडी, दोहों बाजूंच्या नळ्या, मधली कांच, खालची टांकी, वात वरखालीं करण्याची चावी, सारें जेथल्या तेथें होतें. रंग गर्द हिरवा, आणि तो चार ठिकाणीं मुद्दाम उडविलेला. सत्त्याऐंशीं वर्षांच्या आत्याबाईंनीं तो हातांत घेऊन फिरवून पाहिला, नाकाशीं नेला आणि विचारलें, "ह्यांत रॉकेल घालायचें कुठें ग?"

रॉकेल घालावयाचें नव्हतेंच. आंत विजेचा बारीक दिवा होता आणि तो भारून घेण्यासाठीं मागच्या बाजूस एक लहानसें भोंक होतें. सारेजण हंसले, पुतणी थोडी ओशाळली. परंतु आत्याबाईंचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. जुन्या वस्तूचा घाट तेवढा घ्यावा आणि तिचा जीव वगळावा, हा व्यवहार खरा कीं खोटा? आणि ज्यांचा घाट उचलावा असें शहरांतील दुकानदारांस वाटतें, त्याच वस्तु आम्ही आपल्या माळ्यावरून काढून मोडीत घालीत आहों, यास काय म्हणावें? त्या आठवड्यांत आम्हांस जें दिसलें व सुचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. अशी वांटणी, असा माळा आणि असा पेंच पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां यावयाचाच आहे.

आवडीचें नवें वारें

हल्लीं मोठ्या शहरांतून जुन्या वळणाच्या नव्या वस्तूंची बरीच चलती आहे. निळ्या कांठाचे तामचिनीचे पेले, तिरक्या पायांच्या वेताच्या खुर्च्या, जुन्या जाहिरातींचीं चित्रें छापलेले पत्र्याचे डबे, आणि वरून जुन्या रेडिओसारखी दिसणारी पण आंतून भ्रमणध्वनीवरचें गाणें ऐकविणारी पेटी, असा हा सगळा पसारा आहे. ज्या काळाची ही नक्कल, तो सुमारें 1940 ते 1965 पर्यंतचा. 1984 सालीं कॅरा ग्रीनबर्ग या अमेरिकन लेखिकेनें या काळांतील सामानावर एक पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या नांवावरून 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हा शब्द सर्वतोमुखीं झाला.

यांतली गंमत अशी कीं, ज्या काळीं हें सामान प्रथम निघालें, त्या काळीं तें अगदीं नवें म्हणून निघालें होतें. दुसरें महायुद्ध संपलें होतें. लोकांस घरें हवीं होतीं. कारखान्यांस युद्धांतल्या प्लायवुडाचा व पत्र्याचा उपयोग करावयाचा होता. तेव्हां कोरीव काम टाकून द्यावें, वस्तु हलकी व सुटसुटीत असावी, ती पुष्कळ निघावी आणि सामान्य माणसास परवडावी, असा त्या कारागिरांचा आग्रह होता. तीच वस्तु आज जुनी म्हणून आणि प्रसंगीं चढ्या भावानें विकली जाते.

आपल्याकडेही तें वारें आलें होतेंच. मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें 1923 सालीं पोलादी कपाटें करण्यास आरंभ केला, आणि पुढें त्या कपाटानें दागिन्यांच्या पेट्यांची व भिंतींतल्या फडताळांची जागा घेतली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लाखों मतपेट्याही त्याच कारखान्यानें पुरविल्या. मुंबई-पुण्याच्या इराणी उपाहारगृहांतून वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांनीं व्हिएन्नाच्या थोनेट यांनीं 1859 सालीं काढलेल्या खुर्चीचीच भावंडें पाहिलीं. सोयीची वस्तु देश विचारीत नाहीं.

माळा उतरला

दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, महाराष्ट्राच्या अगदीं कांठावरचें गांव. सोलापुराहून वाडीकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. थोडें पुढें गेलें कीं गाणगापुराचें स्थानक. घरांत मराठी, बाजारांत कानडी, आणि तुरीच्या हंगामांत अडत्यांकडे दोन्ही, असा आमचा व्यवहार. पायाखालची शहाबादी फरशी याच लोहमार्गावरील शहाबादेची. अशा या घराचा माळा वांटणीच्या निमित्तानें त्याच आठवड्यांत उतरविण्यांत आला, आणि सोप्यांत तीन ढीग पडले: ठेवावयाच्या वस्तूंचा, देऊन टाकावयाच्या वस्तूंचा आणि मोडीचा. मोडीचा ढीग पहिल्या दिवशींच सर्वांत उंच झाला. मोडवाला आपला तराजू घेऊन ओसरीवर येऊन बसला होता.

त्या ढिगांतच आमच्या पुतणीस खरा कंदील सांपडला. कडी वांकलेली, टांकीस गंज चढलेला, कांच मात्र शाबूत. तो ओगल्यांचा प्रभाकर कंदील होता.

प्रभाकर कंदिलाची कुळकथा

पहिल्या महायुद्धापर्यंत आपल्याकडे बरेंचसें कांचसामान परदेशांतून येई. युद्धामुळें तो ओघ आटला आणि देशी कारखान्यांस वाव मिळाला. त्याच सुमारास, 1916 सालीं, ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ कांचेचा कारखाना उभारला. त्याच्याभोंवतीं वसलेली ती ओगलेवाडी. कांचेबरोबरच पुढें तेथें कंदीलही तयार होऊं लागले, आणि 'प्रभाकर' हें नांव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोंचलें. पावसाळ्यांत गोठ्याकडे जातांना, रात्रीं स्थानकावर पाहुण्यांस आणावयास जातांना, परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या पुस्तकापाशीं, हाच एक सोबती असे.

वाऱ्यांतही तो विझत नसे, याचें कारण त्याच्या बाजूंच्या नळ्यांत आहे. शोभेसाठीं त्या लावलेल्या नसतात. ज्योतीची उष्ण हवा वर चढते. तिच्यांतली कांहीं हवा वरच्या टोपणांतून या नळ्यांत शिरते आणि खालीं उतरून पुन्हां ज्योतीस जाऊन मिळते. त्यामुळें ज्योतीस हवेचा पुरवठा एकसारखा होत राहतो आणि बाहेरचा झोत तिला एकदम मारीत नाहीं. पुतणीनें दोन्ही कंदील शेजारीं शेजारीं ठेवले. नव्या कंदिलाच्या नळ्या तिनें नीट पाहिल्या. त्या आंतून भरीव होत्या.

एवढें पाहिल्यावर आम्हीं मनाशीं निकाल देऊन टाकला होता कीं, जुना कंदील तेवढा खरा आणि नवा तो निव्वळ सोंग. परंतु आत्याबाईंनीं तो निकाल फिरविला. त्या म्हणाल्या, "ह्याची कांच पुसावी लागत नाहीं ना? मग हाच चांगला."

यामागें कथा आहे. आत्याबाई सात वर्षांच्या असतांना त्यांचा हात कांचेंत नेमका मावतो, असें कोणाच्या तरी ध्यानांत आलें. तेव्हांपासून घरांतल्या पांचही कंदिलांच्या कांचा रोज दिवेलागणीपूर्वीं पुसण्याचें काम त्यांजकडे आलें. चाळलेली राख, कोरडें फडकें, आणि कांच फुटली तर बोलणीं! बाकीचीं मुलें अंगणांत खेळत असतांना त्या ओसरीच्या पायरीवर काजळी पुशीत बसलेल्या असत. लग्नानंतरचीं थोडीं वर्षें सोडलीं, तर त्यांचा सारा जन्म याच घरांत गेला. कंदिलाच्या मंद प्रकाशाविषयीं आम्हीं आजवर जें गोड गोड बोलत आलों, त्यांत ही काजळी कोठेंच नव्हती.

पितळेची झळाळी आणि स्वयंपाकघरांतले हात

हीच गोष्ट पितळेच्या भांड्यांची. आमच्या माळ्यावरून दोन हंडे, एक घंगाळ, पांच पातेलीं, परात आणि तांब्याचा बंब निघाला. उन्हांत मांडल्यावर सोपा उजळून निघाला, आणि पुण्या-मुंबईकडील मंडळी छायाचित्रें घेऊं लागली. तेवढ्यांत थोरल्या वहिनी म्हणाल्या, "चिंच लावून रोज घांसलीं असतीं, म्हणजे छायाचित्रें काढावयास हात उरले नसते."

पितळेच्या पातेल्यास आंतून कलई लागते. ती नसली तर ताक, आमटी, चिंचेचें सार असले आंबट पदार्थ कळकतात. त्यांची चव बिघडते आणि ते पोटास अपाय करतात. कलईवाला येई तो भाता घेऊन. भांडें तापवावयाचें, नवसागर टाकून आंतलें अंग स्वच्छ करावयाचें, मग कथलाचा तुकडा फिरवून कापडाच्या बोळ्यानें तो रस सर्वत्र पसरावयाचा. कथील 232 अंशांस वितळतें, म्हणून हें काम साध्या कोळशाच्या भट्टीवर होतें. भांडें पाण्यांत बुडवितांच होणारा तो चर्र आवाज आणि नवसागराचा धूर आमच्या पिढीस अजून आठवतो. आतां दुधनीस कलईवाला फिरकत नाहीं.

स्टेनलेस पोलादाचा शोध 1913 सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं लाविला. तीं भांडीं आपल्या घरांत आलीं, तेव्हां रसिकांनीं नाकें मुरडलीं. पण घरांतल्या सुनांनीं जुन्या साड्या व पितळ देऊन तीं घेतलीं. त्यांस दोष देणारे आम्ही कोण? ज्यास भांडें घांसावें लागलें नाहीं, त्यानें त्याच्या झळाळीचें कौतुक जरा बेतानेंच करावें.

लोट्यास पडलेले प्रश्न

मग मोड मोडीतच जावी काय? येथें एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. चार्ल्स व रे ईम्स हें अमेरिकन दांपत्य या नव्या वळणाच्या सामानाचें अग्रणी. आज ज्या खुर्च्यांची नक्कल सर्वत्र होते, त्यांतल्या कितीएक त्यांच्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून तें दांपत्य येथें आलें, देशभर हिंडलें आणि 1958 सालीं त्यांनीं सरकारास एक अहवाल सादर केला. त्यांतूनच पुढें 1961 सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आपल्या देशांत पाहिलेल्या असंख्य वस्तूंपैकीं सर्वांत सुंदर म्हणून त्यांनीं जी निवडली, ती होती रोजच्या वापरांतला लोटा.

त्यांनीं त्याची नुसती स्तुति केली नाहीं. त्यास प्रश्न विचारले. पाणी किती मावावें? हात केवढा, बाईचा कीं पुरुषाचा? डोक्यावर न्यावयाचा, कमरेवर, कीं हातांत? रिकामा असतां तोल कसा, भरला असतां कसा? ओततांना धार कशी पडते? मान किती रुंद असावी म्हणजे आंतून घांसतां येईल? ऊन पाणी भरलें तर हातास कसा लागेल? आणि शेवटीं, मोडीत घातला तर धातूचें काय मोल येईल? हे सारे प्रश्न कोणा एका कारागिराने बसून सोडविलेले नाहींत. पिढ्यान् पिढ्यांच्या वापरानें ते सुटले, असा त्यांचा अभिप्राय होता. मोडीचा विचारही घाटाच्या विचारांतच येतो, हें आम्हांस या अहवालावरून प्रथम कळलें.

आमच्या ढिगांत असे चार तांबे होते. मोडवाल्यानें ते वजनावर मागितले. वजनांत घाटाची किंमत धरीत नाहींत, हा त्याचा धंदाच आहे; त्याचा त्यांत दोष नाहीं.

चंदीगडचा धडा

मोडीत घालण्यापूर्वीं चंदीगडची हकीकत मात्र ध्यानांत ठेवावी. 1951 पासून तें नवें नगर उभें राहिलें, तेव्हां तेथील कचेऱ्या, ग्रंथालयें व महाविद्यालयें यांसाठीं ल कॉर्बूझिए यांचे चुलतबंधु पिएर जानरे व त्यांचे सहकारी यांनीं सागवान आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या-मेजांची आंखणी केली. सुतारांनीं त्या हजारोंनीं घडविल्या. पुढें वेत तुटला, पाय डुगडुगूं लागले, आणि कारकुनांनीं त्या गच्चीवर नेऊन टाकल्या. मग त्या मोडीच्या भावानें लिलांवांत गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्या उचलून दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेंतील लिलांवांत त्यांस लाखों रुपये येऊं लागले. 2011 सालीं केंद्र सरकारनें त्यांच्या विक्रीस व निर्यातीस बंदी घातली. पण तोंवर पुष्कळशा निघून गेल्या होत्या.

घरोघरच्या माळ्यावर लाखों रुपये पडलेले आहेत, असें मात्र यावरून कोणी समजूं नये. आमच्या बंबास कोणी परदेशी गिऱ्हाईक येणार नाहीं. धडा एवढाच कीं, वेत विणणारा एक माणूस वेळीं बोलाविला असता, तर त्या खुर्च्या मोडींत गेल्याच नसत्या.

जी वस्तु अजून विणली जाते

ट्रंकेच्या तळाशीं निघाली ती सोलापुरी चादर. घड्यांच्या जागीं थोडी विरलेली, पण रंग धरून असलेली. तिच्या दोन्ही बाजू पाहाव्या. एका बाजूस लाल जमिनीवर पांढरा मोर, तर उलट बाजूस पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. दोन रंगांचे ताणे एकमेकांशीं जागा बदलतात, म्हणून असें होतें. कोणता धागा केव्हां उचलावा, हें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ठरतें. फ्रान्सांतील जकार्ड यांनीं 1804 च्या सुमारास काढलेली ही युक्ति. सोलापुरास तिला तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हात लाभले. तेथें पहिली कापडगिरणी 1877 सालीं सुरू झाली. गिरण्यांचे भोंगे पुढें बंद पडले, परंतु चादर विणली जात राहिली, आणि 2005 च्या सुमारास तिला भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंदही मिळाली.

हल्लीं याच कापडाच्या पिशव्या, जाकिटें, गाद्यांचे अभ्रे शिवले जातात आणि ते जुन्या वळणाच्या वस्तूंच्या दुकानांतून दिसतात. यांस आम्ही नक्कल म्हणणार नाहीं. मोर तोच, माग तसाच, आणि विणणाऱ्याच्या हातीं दोन पैसे पडतात. खोटी सोलापुरी चादर मात्र अन्य ठिकाणाहून विणून याच नांवानें विकली जाते. ती स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. आमच्या गांवाहून सकाळच्या गाडीनें सोलापुरास जाऊन सायंकाळीं परत येतां येतें. पुतणी परवां तशीच गेली आणि दोन चादरी घेऊन आली.

दिवे गेले त्या रात्रीं

वांटणीच्या शेवटच्या रात्रीं वीज गेली. सर्वांनीं एकदम कंदिलाचें नांव घेतलें. नवा लावून पाहिला, तर तो भारून ठेवण्याची आठवण कोणासच राहिली नव्हती. जुना उतरविला, तर घरांत रॉकेल नव्हतें. रेशनच्या दुकानांतून तें मिळेनासें झाल्यास आतां वर्षें लोटलीं. वातही कुजलेली. दोन कंदील असून आम्ही बावीस माणसें अंधारांत बसलों होतों!

त्या अंधारांत आमच्या मनाचा निर्णय झाला. खरी वस्तु किंवा खोटी वस्तु असा हा प्रश्नच नव्हे. वस्तूभोंवतीं माणसांचें एक कडें असतें: करणारा, दुरुस्त करणारा, तिला लागणारें पुरविणारा आणि निगा राखणारा. तें कडें तुटलें कीं अस्सल वस्तुही नुसता घाट उरते. आणि तें नव्यानें जुळलें, तर नव्या वस्तूसही जीव येतो. म्हणून घेतांना किंवा ठेवतांना आम्ही आतां चारच गोष्टी पाहतों. ही रोजच्या वापरांत येईल काय? मोडली तर नीट करणारा जवळपास आहे काय? हिच्या किंमतींतला वांटा कारागिराच्या हातीं पोंचतो काय? आणि एकत्र कुटुंबांत सर्वांत महत्त्वाचें, हिला घांसणार-पुसणार कोण? ज्यास ती हवी त्यानेंच तें काम पत्करावें. घरच्या सुनेच्या माथीं आपली हौस मारूं नये.

या कसोटीवर बंब व मोठे हंडे मोडीत गेले, आणि त्याचें आम्हांस दुःख नाहीं. चार भावांनीं चार तांबे वांटून घेतले; आमच्या वांट्याचा पुतणीनें मागून नेला, आपण स्वतः तो घांसूं या अटीवर. पातेलीं सोलापुरास कलई करवून आणावयाचीं ठरलीं आहेत; सणावारीं पुरण शिजवावयास तीं कामास येतील, आणि घांसावयाचें काम त्या दिवशीं पुरुषांकडे, असें वहिनींनीं सर्वांदेखत कबूल करवून घेतलें आहे. प्रभाकर कंदील सोप्यांतल्या आपल्या जुन्या खुंटीवर लटकतो आहे. तो आतां दिवा नव्हे, आठवण आहे. आठवणीस आठवण म्हणावें, म्हणजे झालें.

आणि हिरवा कंदील आत्याबाईंच्या उशाशीं असतो. रात्रीं उठतांना त्यांस तो बरा पडतो. रोज सायंकाळीं तो भारावयास लावण्याचें काम त्यांनीं आमच्या धाकट्या नातवाकडे सोंपविलें आहे. तो सात वर्षांचा आहे. काम उरकतांच त्यास अंगणांत पळावयाची मुभा आहे, आणि तो दृष्टीआड होईपर्यंत आत्याबाई ओसरीच्या पायरीवरून पाहात असतात.